सुरी पाजळायची चामडी पट्टी: स्वस्तात, घरच्या घरी

दगडावर अर्धा तास घासलेली सुरी पहिल्या दिवशी झकास चालते आणि तिसऱ्या दिवशी टोमॅटोच्या सालीवरून घसरते. दोष दगडाचा नसतो. दगडावर धार तयार होताना तिच्या अगदी कडेला धातूची एक सूक्ष्म झालर उरते. वर्कशॉपमध्ये तिला ‘बर’ म्हणतात. ही झालर पातळ असते, म्हणून सुरुवातीला कापतेही चांगली. पण दोन-चार कांदे झाले की ती एका बाजूला दुमडते आणि सुरी पुन्हा बोथट वाटू लागते. ती झालर उतरवायची आणि खालच्या खऱ्या धारेला पॉलिश द्यायचं, एवढंच काम चामडी पट्टीचं, म्हणजे स्ट्रॉपचं.

पूर्वी सेलूनमध्ये खुर्चीला चामड्याचा पट्टा लटकवलेला असायचा. आता अर्धं ब्लेड मोडून घालायचे वस्तरे आल्यावर तो दिसेनासा झाला. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकदम पट्ट्यावर टेकतात, त्यामुळे कोन आपोआप सांभाळला जातो आणि लोंबता पट्टा चालून जातो. स्वयंपाकाच्या सुरीला ही सोय नाही. तिची पाठ हवेत उचलून धरावी लागते, आणि लोंबता पट्टा तिच्या दाबाने वाकून धारेभोवती वळतो. धार तीक्ष्ण होण्याऐवजी गोल होते. म्हणून सुरीसाठी चामडं सपाट लाकडावर चिकटवलेलं हवं. पाया कडक आणि सपाट, चामडं पातळ आणि घट्ट. या दोन गोष्टी साधल्या तर फुकटातल्या तुकड्यांची पट्टीही परदेशी महागड्या पट्टीइतकंच काम देते.

एक अपेक्षा आधीच बाजूला ठेवा. पार बोथट झालेली किंवा खांडं पडलेली सुरी पट्टीवर सुधारत नाही. पट्टी इतका कमी धातू काढते की खांड भरून यायला वर्ष लागेल. आधी दगड, मग पट्टी. करवतीसारखे दात असलेल्या पावाच्या सुरीलाही ही पट्टी उपयोगाची नाही.

लाकूड

सुताराकडे किंवा फर्निचरचं काम चालू असलेल्या घरी १८ मिमी प्लायवूडचे तुकडे कचऱ्यात जातात. त्यातला ४० सेंमी लांब, ६ ते ७ सेंमी रुंद तुकडा मागून घ्या. ३० सेंमीवर चामडं बसेल, उरलेली १० सेंमी धरायला. आठ इंची सुरी एका ओढीत टाचेपासून, म्हणजे मुठीकडच्या कडेपासून, टोकापर्यंत घासायला एवढी लांबी लागते. २० सेंमीची पट्टी करता येते, पण मग मोठ्या सुरीला दोन तुकड्यांत घासावं लागतं आणि मधे जोड राहतो.

सागाची जुनी फळी मिळाली तर उत्तमच. पाणी न सोसणारा साधा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) मुंबईत नको. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्या कडा फुगतात आणि पट्टीला मधे खळगा पडतो.

सपाटपणा तपासायला स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा पुरतो. लाकूड त्यावर ठेवून चारही कोपरे आळीपाळीने दाबा. एखादा कोपरा टक्‌टक्‌ वाजला तर लाकूड पिळलेलं आहे. १२० नंबरचा सँडपेपर ओट्यावर टेपने चिकटवा, लाकडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारा आणि लाकूड त्या पेपरवर घासा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या म्हणजे पृष्ठभाग सपाट झाला. हे दहा मिनिटांचं काम बहुतेक जण टाळतात. मग पट्टीच्या मधल्या उंचवट्यावर सुरीचा मधलाच भाग घासला जातो आणि टाच-टोक तसंच राहतं.

चामडं कुठलं आणि कसं ओळखायचं

इथे जरा थांबून नीट समजून घ्यावं लागतं, कारण पैसे वाया जातात ते इथेच.

चामडं कमावण्याच्या दोन मुख्य पद्धती. एकात बाभळीची साल, हिरडा असे वनस्पतींचे अर्क वापरतात. कोल्हापुरी चपलेचं चामडं असं कमावलेलं असतं. दुसऱ्या पद्धतीत क्रोमियमचे क्षार वापरतात. पर्स, जॅकेट, बुटाचा वरचा भाग बहुतेक या प्रकारचा. बाजारात पहिल्याला ‘वेज टॅन’ आणि दुसऱ्याला नुसतं ‘क्रोम’ म्हणतात. पट्टीला वेज टॅन हवं. ते घट्ट असतं, दाबलं तर फार खाली जात नाही. क्रोमचं चामडं मऊ आणि लवचीक. सुरी त्यात रुतते, आणि सुरी पुढे सरकली की चामडं उसळून धारेच्या टोकावर चढतं.

ओळखायला सोपं आहे. नख दाबून बघा: वेज टॅनवर वळ राहतो, क्रोमवर तो भरून येतो. पाण्याचा एक थेंब टाका: न रंगवलेलं वेज टॅन लगेच गडद होतं. कापलेली कड पाहा: वेज टॅनची तपकिरी, क्रोमची बऱ्याचदा निळसर-राखाडी. चौथी खूण रेक्झिनसाठी. वरून चामडं आणि मागून कापडाची जाळी दिसली तर तो तुकडा परत ठेवा.

मुंबईत चामड्यासाठी धारावी. सायन-वांद्रे लिंक रोडच्या कडेच्या शोरूममध्ये तयार बॅगा आणि पट्टे मिळतात, पण आपल्याला हवी ती कातरण आतल्या गल्ल्यांतल्या कारखान्यांत पडलेली असते. “पट्ट्याचं वेज टॅन, अडीच मिलिमीटर, एक फूट लांब दोन तुकडे” असं नेमकं मागा. नुसतं “चामडं द्या” म्हटलं तर हातात मऊ क्रोम पडतं. जाडी २ ते ३ मिमी बास. ४ मिमीचं चामडं दिसायला दणकट, पण जाडी वाढली की रुतणंही वाढतं. तुकडा एकसारख्या जाडीचा हवा. जनावराच्या पोटाकडचं चामडं सैल आणि लहान-मोठ्या जाडीचं असतं, पाठीकडचं घट्ट. दोन बोटांत धरून लांबीभर चाचपलं की फरक कळतो.

तिथवर जायचं नसेल तर घरातला जुना पट्टा चालतो, पण त्याची कड आधी पाहा. बरेच पट्टे दोन पातळ थरांमध्ये पुठ्ठा किंवा फोम भरून शिवलेले असतात. ते उपयोगाचे नाहीत. एकसंध चामड्याचा पट्टा सापडला तर ३५ मिमी रुंदीचा एकच तुकडा लावा. दोन तुकडे शेजारी जोडून रुंदी वाढवू नका, जोडाच्या फटीत धार अडकते.

चामडं नकोच असेल त्यांच्यासाठी पर्याय आहेत. सपाट केलेल्या लाकडावर थेट मसाला (पॉलिशची वडी, तिच्याबद्दल पुढे) चोळला तरी पट्टी होते, आणि ती चामड्यापेक्षा कडक असल्याने धार गोल होण्याची भीती कमी. जुन्या जीन्सचं कापड ताणून चिकटवलं तरी चालतं. खोक्याचा पुठ्ठा घ्यायचा तर बुटांच्या खोक्याचा सलग पुठ्ठा घ्या. नालीदार पुठ्ठ्यावर सुरी लाटांवरून उड्या मारते. आणि काहीच नसेल तर वर्तमानपत्राचे दोन-तीन पदर धारेच्या कोरड्या दगडाभोवती घट्ट गुंडाळून त्यावर सुरी ओढा. झालर उतरवायला हा शून्य रुपयांचा उपाय आश्चर्य वाटावं इतका चांगला आहे.

चिकटवणं

चामड्याला दोन बाजू. गुळगुळीत बाजू केसांकडची, खरबरीत बाजू मांसाकडची. दोन तुकडे असतील तर लाकडाच्या एका अंगावर खरबरीत बाजू वर ठेवून लावा, तिच्यावर मसाला जाईल. दुसऱ्या अंगावर गुळगुळीत बाजू वर, तिला काही लावायचं नाही. तुकडा एकच असेल तर खरबरीत बाजू वर.

खरबरीत बाजू वर ठेवायची म्हणजे गुळगुळीत बाजू लाकडाकडे येणार, आणि गुळगुळीत चामड्यावर गोंद धरत नाही. ती बाजू ८० नंबरच्या सँडपेपरने घासून चकाकी पूर्ण उतरवा. महिन्याभरात पट्टीची कोपऱ्यातली टोकं सुटतात ती ही पायरी गाळल्यामुळे.

गोंद दोन प्रकारचा चालतो. सुताराचा पांढरा फेव्हिकॉल स्वस्त आणि घरात असतोच, पण त्यातल्या पाण्याने चामडं फुगतं. पातळ थर लावून, वर प्लास्टिक आणि सपाट फळी ठेवून, पाण्याने भरलेला मोठा डबा २४ तास तसाच ठेवावा लागतो. पावसाळ्यात ३६ तास ठेवा. दुसरा प्रकार चपला-बुटांना लावतात तो रबराचा पिवळा गोंद, फेव्हिबाँडसारखा. तो दोन्ही पृष्ठभागांवर पातळ पसरायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १५ मिनिटं थांबायचं आणि मग जोडायचं. घाई करून ओला असतानाच जोडला तर आत अडकलेला द्रव बाहेर पडत नाही आणि फुगे येतात. हा गोंद एकदा टेकला की हलवता येत नाही, म्हणून एका टोकाकडून सुरुवात करून हळूहळू खाली आणा. खिडक्या उघड्या, गॅस बंद. या गोंदाच्या वाफा पेट घेतात.

धरायची बाजू सोडून उरलेल्या तिन्ही बाजूंनी चामडं लाकडापेक्षा ५ मिमी मोठं ठेवा. आधी मापात कापलं तर दाबताना ते ताणून वाकडं होतं. टेकवल्यावर लाटण्याने मधून कडांकडे लाटा, सगळी हवा बाहेर जाईल. गोंद पूर्ण वाळल्यावर पट्टी उलटी करून कटरने लाकडाच्या कडेला धरून जादा चामडं कापा.

शेवटी ओट्यावरच्या सँडपेपरवर, या वेळी २२० नंबर, पट्टी चामड्याच्या बाजूने चार-पाचदा हलकी फिरवा. उंचवटे असतील ते तेवढेच घासले जातात. गुळगुळीत बाजूला कारखान्याचं लॅकर असेल तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्या. लॅकरवर सुरी नुसती सरकत राहते. लाकडाच्या उघड्या कडांना पॉलिशचे दोन हात दिले की दमट हवा आत शिरत नाही.

मसाला

पॉलिशची जी वडी चामड्यावर चोळायची तिला बाजारात पॉलिशचा साबण किंवा नुसता मसाला म्हणतात. मस्जिद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर अवजारांच्या दुकानांत बफिंग मशीनसाठीच्या वड्या मिळतात. हिरवी वडी मागा. तिच्यात मुख्यतः क्रोमियम ऑक्साइड असतं, हिरव्या रंगद्रव्यात वापरतात तेच. त्याचे कण पोलादापेक्षा कठीण, आणि चांगल्या वडीत अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास बारीक. वडी मोठी असते, घरच्या वापराला आयुष्यभर संपत नाही. अर्धी तोडून मागायला लाजू नका, किंवा चौघांत एक घ्या.

रंगावर डोळे झाकून विश्वास नको. रंग कुठल्याही मानकाने बांधलेला नाही, एकाची पांढरी वडी दुसऱ्याच्या हिरवीपेक्षा बारीक असू शकते. तपकिरी मात्र बहुधा जाड असते. झवेरी बाजारात सोनारकामाचं लाल रूज सहज मिळतं, पण ते लोहाचं ऑक्साइड, सोन्या-चांदीसाठी. कडक पोलादावर ते फार सावकाश काम करतं. टूथपेस्टचा सल्ला सर्रास दिला जातो. तिने चकाकी येते, धारेत फरक फारसा पडत नाही, आणि चामडं ओलं होतं ते वेगळंच. हिऱ्याची पेस्ट, १ मायक्रॉनची, सगळ्यात झपाट्याने काम करते. सुरीचं पोलाद फार कडक असेल तरच ती घ्या. साध्या स्टेनलेस सुरीवर तो खर्च उगाच.

मशीनची वडी थंड चामड्यावर घासली तर तिचे गोळे पडतात, कारण तिच्यातलं मेण फिरत्या चाकाच्या उष्णतेने वितळावं अशा बेताने घातलेलं असतं. हेअर ड्रायरने चामडं अर्धा मिनिट कोमट करा आणि मग वडी मेणाच्या खडूसारखी चोळा. पुन्हा ड्रायर फिरवा आणि जुन्या कार्डाच्या कडेने पसरवून जादा मसाला खरवडून काढा. चामड्याचा पोत मसाल्याखालून दिसत राहिला पाहिजे. हिरवा जाड थर दिसायला दमदार, पण धार त्यावर तरंगते आणि सुटलेले गोळे तिला उचलतात. वडी खरवडून पूड करत असाल तर मास्क लावा, ती धूळ छातीत जाऊ नये.

सुरी ओढणं

सुरी नेहमी पाठ पुढे, धार मागे. धार पुढे ठेवून ढकललीत तर पहिल्याच ओढीत चामड्याची चकती निघते. निघालीच तर थोडा गोंद लावून परत बसवा, दाबून ठेवा आणि वाळल्यावर सँडपेपर फिरवा. पट्टीखाली कोरडा रबराचा तुकडा ठेवला की ती ओट्यावर सरकत नाही.

कोन दगडावर ठेवला तोच. जपानी पद्धतीच्या पातळ सुरीला प्रत्येक बाजूने १५ अंशांच्या आसपास, आपल्याकडच्या साध्या सुरीला २० अंश. अंश डोळ्यांनी मोजता येत नाहीत, उंची मोजता येते. पातं ४० मिमी रुंद असेल तर १५ अंशांना पाठ १० मिमी उचलायची, २० अंशांना १४ मिमी. २५ मिमी रुंदीच्या छोट्या सुरीला अनुक्रमे साडेसहा आणि साडेआठ. चामडं थोडं दबतंच, म्हणून दगडापेक्षा केसभर कमी कोन ठेवलेला बरा.

खात्री करायची तर धारेच्या उतारावर मार्करने रेघ काढा आणि दोन ओढी मारा. शाई फक्त पाठीकडच्या बाजूला पुसली गेली आणि धारेच्या कडेला उरली, तर कोन कमी पडतोय. फक्त कडेची पुसली गेली तर जास्त होतोय, आणि हेच जास्त घातक. अशाने तुम्ही दर ओढीला धार गोल करताय.

दाबाचं गणित घरच्या वजनकाट्यावर सुटतं. पट्टी काट्यावर ठेवून काटा शून्य करा आणि नेहमीच्या हाताने सुरी ओढून बघा. मसाल्याच्या बाजूवर २०० ते ३०० ग्रॅम, कोऱ्या चामड्यावर शंभरेक ग्रॅम पुरे. नवख्या माणसाचा काटा हमखास किलोच्या पुढे जातो. जोर वाढवला की काम लवकर होतं असं वाटतं, प्रत्यक्षात चामडं वर चढून धार मोडतं.

ओढ संपताना मनगट वळवायचं नाही. सुरी आधी थांबवा, मग सरळ वर उचला. पुढे ओढता ओढता सफाईने उचलण्याची लकब दिसायला छान, पण त्या शेवटच्या सेंटिमीटरमध्ये कोन वाढतो आणि केलेलं काम पुसलं जातं. परतताना सुरी पाठीवरून पालटा. टोकाकडे पातं वळतं तिथे मूठ किंचित वर घ्या, नाहीतर टोक कोरंच राहतं.

दगडावरून आलेल्या सुरीला मसाल्याच्या बाजूवर प्रत्येक अंगाने १० ते १५ ओढी, आळीपाळीने. मग कोऱ्या बाजूवर पाच-सहा. त्याआधी सुरी धुऊन पुसून घ्या. दगडाचा एक कण पट्टीत रुतला तर पुढे कित्येक आठवडे प्रत्येक धारेवर ओरखडा काढत राहतो. झालर गेली की नाही हे कापसाने कळतं. बोळा पाठीकडून धारेकडे हलकेच पुसत बाहेर काढा, तंतू अडकले तर झालर अजून आहे. बोट धारेच्या लांबीने फिरवून बघण्याची हौस नको.

नेहमीच्या वापरात आठवड्यातून एकदा आठ-दहा ओढी मारल्या की दगड महिनोन्‌महिने काढावा लागत नाही. वीस ओढींनंतरही सुरी जुन्या पेपराचा कागद सरळ कापत नसेल तर पट्टी सोडून दगडाकडे जा. आणि अति पॉलिशही करू नका. आरशासारखी धार पापलेट कापायला, मटणाचे पातळ काप काढायला सुरेख, पण टोमॅटो-भोपळी मिरचीच्या सालीवर ती घसरते. तिथे दगडाचे सूक्ष्म दात थोडे शिल्लक असलेले बरे. भाजीच्या सुरीला पाच-सहा ओढींवर थांबा.

काम झालं की सुरी भांड्याच्या साबणाने धुवा. मसाला अन्नात जायचा नाही.

विळीसाठी

विळी पट्टीवर नेता येत नाही, पट्टीच विळीकडे न्यावी लागते. २० सेंमी लांब, अडीच सेंमी रुंद लाकडी पट्टीवर उरलेलं चामडं चिकटवा, मसाला तोच. पाट घट्ट धरून चामडं पात्याच्या उतारावर टेकवा आणि पाठीकडून धारेच्या दिशेने, धारेपलीकडे ओढून काढा. हात सुरुवातीपासूनच धारेच्या पलीकडे असू द्या, म्हणजे ओढताना तो धारेपासून लांबच जातो. उलट दिशेने ढकललं तर चामडंही फाटेल आणि बोटंही. खोबरं खवायच्या दातांना पट्टी लावायची नाही.

पट्टी काळी पडली, बुरशी आली

मसाला काळा पडणं चांगलं, ते सुरीचं निघालेलं पोलाद आहे. काळा थर चकाकून गुळगुळीत झाला आणि सुरी ‘पकडेनाशी’ झाली की जुन्या सुरीच्या पाठीने तो खरवडा, २२० नंबरचा सँडपेपर हलका फिरवा आणि नवा मसाला लावा. घरगुती वापरात ही वेळ वर्षातून एकदोनदा येते. खोबरेल तेलाने चामडं ‘मऊ’ करण्याचा मोह टाळा. मऊ चामडं आपल्याला नकोच आहे, आणि ते तेल पुढे खवट होतं.

जून ते सप्टेंबर वेज टॅन चामड्यावर पांढरी बुरशी येते, विशेषतः सिंकखालच्या कपाटात. पट्टी भिंतीला, हवेशीर जागी टांगा, धूळ बसू नये म्हणून सुती पिशवीत. प्लास्टिकच्या पिशवीत घातलीत तर बुरशी दुपटीने. आलीच तर स्पिरिटच्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवा. कडक उन्हात ठेवलेलं चामडं आक्रसतं आणि कोपऱ्यातून उचकटतं. साध्या पोलादाच्या सुऱ्यांना पट्टीनंतर या महिन्यांत खाद्यतेलाचं एक बोट फिरवा. घासून उघड्या पडलेल्या ताज्या धातूवर गंज एका रात्रीत चढतो.